एका कूपेत किती गाड्या मावतील?

1952 साली कॅलिफोर्नियातल्या बॉब हिरोहाता नावाच्या तरुणाने आपली 1951 च्या मॉडेलची मर्क्युरी गाडी जॉर्ज आणि सॅम बॅरिस या भावांच्या गॅरेजात आणून सोडली. बॅरिस बंधूंनी तिचं छत कापून खाली आणलं आणि दारामागचा खांब काढून टाकला. फोर्डच्या जाळ्यांचे तुकडे जोडून तिला नवं तोंड दिलं, दोन्ही कुशींना ब्यूकची क्रोमची पट्टी लावली, मागे लिंकनचे दिवे बसवले, चाकांवर कॅडिलॅकच्या झाकण्या चढवल्या. पुढे तिच्यात इंजिनही कॅडिलॅकचंच आलं. फिकट आणि गडद अशा दोन हिरव्या छटांत रंगून ती रस्त्यावर आली, तेव्हा ती अनेक गाड्यांच्या भागांतून जमवलेली आहे हे जाणकाराने बोट ठेवून दाखवल्याशिवाय कळत नव्हतं. 1959 मध्ये एका शाळकरी मुलाने ती 500 डॉलरला विकत घेतली. 2022 च्या लिलावात तिला वीस लाखांहून अधिक डॉलर मिळाले.

जुन्या अमेरिकी गाड्यांतलं हवं ते निवडून आपल्या मनातली एक आलिशान कूपे रचायची, हा खेळ मोटारींचे शौकीन कित्येक वर्षं खेळत आले आहेत. कूपे म्हणजे दोन दारांची, बसक्या छताची, पुढे बसणाऱ्या दोघांचे लाड करणारी गाडी. कागदावर ही रचना सोपी वाटते: हिचं नाक घ्यावं, तिचं छत, आणखी एखादीची शेपूट. प्रत्यक्षात बहुतेक मिश्रणं इथेच फसतात. हिरोहाताची मर्क्युरी जमली, कारण तिच्यात अंगकाठी एकाच गाडीची राहिली आणि बाकीच्या गाड्यांनी फक्त दागिने दिले. अशी कूपे आज रचायची म्हटली तर कुठून काय घ्यावं आणि काय कटाक्षाने सोडावं, याची उत्तरं गेल्या नव्वद-शंभर वर्षांतल्या खऱ्या गाड्यांत मिळतात.

गिऱ्हाइकाच्या मर्जीची गाडी ही कल्पना अमेरिकेत हौशी गॅरेजांच्या कितीतरी आधीची आहे. 1928 च्या अखेरीस ड्यूसेनबर्ग कंपनीने आपलं ‘मॉडेल जे’ आणलं. कंपनी 8,500 डॉलर घेऊन फक्त चासी द्यायची, म्हणजे इंजिन आणि चाकांसकट खालचा सांगाडा. वरचा साज गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून करून घ्यायचा. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी तिसाच्या दशकाच्या मध्याला अशीच एक सुपरचार्ज्ड ड्यूसेनबर्ग मागवली. तिच्या दोन आसनी अंगाचा पत्रा लंडनच्या गर्नी नटिंग यांच्या कारखान्यात घडला आणि तिला केशरी व काळा रंग दिला गेला. त्या काळात मुंबईकरांनाही अमेरिकी गाड्यांचं अप्रूप राहिलं नव्हतं. जनरल मोटर्सने 1928 मध्ये शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली होती, आणि स्वातंत्र्याच्या सुमारास वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि प्लिमथ बाहेर पडू लागल्या. अर्थात शिवडी-कुर्ल्याची गाडी साच्यातली होती आणि होळकरांची मापं घेऊन शिवलेली. मनातली कूपे या दुसऱ्या जातीची.

रचनेची सुरुवात प्रमाणापासून करावी लागते, आणि प्रमाणाच्या बाबतीत 1956 च्या कॉन्टिनेंटल मार्क टू या गाडीच्या जवळपास जाणारी अमेरिकी कूपे शोधून सापडायची नाही. ऑक्टोबर 1955 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा दिसली. किंमत जवळजवळ दहा हजार डॉलर. फोर्ड घराण्यातल्या विल्यम क्ले फोर्ड यांच्या देखरेखीखाली तिच्यासाठी वेगळा विभाग आणि वेगळा कारखाना उभा राहिला होता. त्या वर्षांत डेट्रॉइटच्या गाड्यांना शेपटावर पंख फुटत होते, अंगावर क्रोमचे थर चढत होते, एकेका गाडीवर तीन-तीन रंग दिसत होते. मार्क टूने यातलं काहीच घेतलं नाही. लांबलचक बॉनेट, आखूड केबिन, साधी सपाट कूस आणि मागच्या चाकावर हलकेच उचललेली एक रेघ, एवढ्यावर ती उभी आहे.

तिचं खरं कसब मात्र पायाखाली आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये 126 इंचांचं, म्हणजे साडेदहा फुटांचं अंतर. एकूण लांबी अठरा फुटांहून जास्त. आणि उंची अवघी 56 इंच. एवढ्या बसक्या गाडीत हॅट घातलेला माणूस ताठ बसला पाहिजे, अशी अपेक्षा होती. म्हणून अभियंत्यांनी चासीच्या दोन्ही तुळया चाकांच्या मधल्या भागात खाली वाकवल्या आणि आसनं त्या खोलगट भागात बसवली. बाहेरून पाहणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्याला दिसतो तो बसका, ऐटदार आकार. आतली कातडी स्कॉटलंडहून यायची, रंगाचा एकेक थर हाताने घासला जायचा. दोन वर्षांत जेमतेम तीन हजार गाड्या झाल्या, फोर्डला प्रत्येक गाडीमागे तोटा सोसावा लागला आणि 1957 मध्ये काम थांबलं. व्यापार म्हणून ती हरली, पण चित्रकाराच्या नजरेने पाहिलं तर कल्पनेतल्या कूपेचा कणा म्हणून हीच गाडी घ्यायला हवी.

छत मात्र दुसरीकडून आणलेलं बरं. जनरल मोटर्सच्या डिझाइन विभागाचे प्रमुख बिल मिचेल सांगत, की लंडनच्या धुक्यात त्यांना एक रोल्स-रॉइस दिसली आणि तिच्या छताच्या धारदार कडा डोळ्यांत भरल्या. त्या कडांना फेरारीच्या चपळ बांध्याची जोड द्यायची, या कल्पनेतून 1963 ची ब्यूक रिव्हिएरा जन्मली. मुळात ही गाडी ‘लासाल’ या जुन्या नावाने कॅडिलॅकसाठी काढलेली होती. कॅडिलॅकचा धंदा जोरात होता, त्यांना नव्या गाडीची गरज वाटली नाही, आणि ती ब्यूकच्या पदरात पडली. पहिल्या वर्षी ठरवून 40,000 च गाड्या काढल्या. तिच्या छताची कड इस्त्रीच्या घडीइतकी नेमकी आहे, दाराच्या काचांना चौकट नाही, आणि दोन्ही बाजूंच्या काचा खाली केल्या की पुढून मागपर्यंत मध्ये एकही खांब राहत नाही. अमेरिकी कूपेचं सगळं सुख त्या मोकळ्या खिडकीत आहे.

तेच सुख आज सहजासहजी मिळत नाही. सत्तरच्या दशकात अमेरिकेत गाडी उलटली तर छत किती भार पेलेल, दाराला बाजूने धडक बसली तर आत काय होईल, याचे नियम आले. गिऱ्हाइकाची आवडही बदलत गेली आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत डेट्रॉइटच्या बिनखांबी गाड्या संपल्या. नव्या कूपेला ते छत हवं असेल, तर दाराच्या तळाशी, पुढच्या काचेच्या चौकटीत आणि मागच्या रुंद खांबात पोलादाचा सांगाडा लपवावा लागेल. त्याने वजन वाढेल आणि खर्चही, पण या एका गोष्टीवर पैसा ओतणं रास्त आहे.

आता तोंड. इथे मोह फार होतात, म्हणून जरा सावकाश पाहायला हवं.

1935 च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात इंडियाना राज्यातल्या ऑबर्न कंपनीची ‘कॉर्ड 810’ उभी होती. तिच्या नाकावर नेहमीची उभी जाळी नव्हती. बोथट नाकाला पुढून आणि दोन्ही बाजूंनी आडव्या पट्ट्यांनी वेढलं होतं. दिवे मडगार्डांत बुडवलेले होते आणि डॅशबोर्डच्या दोन टोकांना असलेल्या हँडलांनी ते वर काढायचे. एक हँडल चालकाच्या हाताशी आणि दुसरं पार पलीकडे, म्हणजे अंधार पडला की शेजारच्यालाही कामाला लावायचं. ती पुढच्या चाकांवर चालायची आणि चढायला बाजूची पायरीच नव्हती, कारण गाडी मुळात इतकी खाली बसलेली होती. हे सारं करणारे गॉर्डन ब्यूरिग त्या वेळी ऐन तिशीत होते. कॉर्डच्या आधी ड्यूसेनबर्गच्या कित्येक गाड्यांचे आकार त्यांच्या हातून गेले होते, आणि 1935 ची ऑबर्न स्पीडस्टर, जिचं मागचं टोक होडीसारखं निमुळतं आहे, तीही त्यांचीच. पुढे ते फोर्डमध्ये गेले. मार्क टूचं रूप जॉन राइनहार्ट यांच्या हाताखाली ठरलं, पण तिच्या पत्र्याची अभियांत्रिकी सांभाळणारे होते हेच ब्यूरिग.

म्हणजे कॉर्डचं नाक मार्क टूच्या कण्यावर बसवलं, तर ते परकं दिसण्याची भीती कमी. वीस वर्षांच्या अंतराने झालेल्या या दोन गाड्यांना एकाच माणसाचे हात लागलेले आहेत आणि दोघींचा स्वभावही एकच: उगाच काही चिकटवायचं नाही, आकारालाच बोलू द्यायचं. कोणत्याही मिश्रणात हे नातं तपासून पाहावं. ज्या गाड्यांचं गोत्र जुळतं त्यांचे अवयव एकमेकींना मानवतात.

दिव्यांसाठी 1965 ची रिव्हिएरा पाहावी. तिचे दिवे पुढच्या मडगार्डांच्या टोकाला उभ्या जाळीमागे दडलेले आहेत, आणि कळ दाबली की वरची आणि खालची झाकणं शिंपल्यासारखी उघडतात. कॉर्डची लपवाछपवी तीस वर्षांनी विजेवर आली, एवढाच फरक. आजचे एलईडी दिवे बोटभर जाडीचे असल्यामुळे त्यांना कॉर्डच्या आडव्या पट्ट्यांमध्ये लपवणं तर आणखी सोपं. दिवसा दिवे दिसणारच नाहीत, रात्री पट्ट्यांच्या फटींतून उजेड बाहेर येईल.

आणि जे टाळायचं, तेही याच भागात आहे. साठच्या दशकात फोर्डच्या ली आयकोका यांनी आपल्या डिझाइनरांना सांगितलं, की कंपनीच्या थंडरबर्ड गाडीला रोल्स-रॉइससारखी जाळी लावून बघा. त्यातून कॉन्टिनेंटल मार्क थ्री निघाली. तिने फोर्डला मार्क टूने कधी न दिलेला नफा मिळवून दिला, आणि आयकोकांच्या धंद्याच्या जाणिवेला त्याबद्दल मान द्यायलाच हवा. तरीही ती उभी जाळी दुसऱ्याच्या घरची आहे, आणि दिसतेही तशीच. मार्क टूला तोंडावर असं निशाण लावण्याची गरज पडली नव्हती.

या मोहांचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे स्टट्झ ब्लॅकहॉक. ज्यांना अनेक गाड्यांमधून एक गाडी रचायची आहे, त्यांनी तिचा इतिहास मन लावून वाचावा. व्हर्जिल एक्स्नर हे क्रायस्लरचे गाजलेले डिझाइनर. पन्नासच्या दशकात त्यांनी त्या कंपनीच्या गाड्यांचा कायापालट केला होता. क्रायस्लरमधून बाहेर पडल्यावर त्यांनी डिसेंबर 1963 च्या ‘एस्क्वायर’ मासिकासाठी काही चित्रं काढली: ड्यूसेनबर्ग, पॅकार्ड, स्टट्झ, मर्सर ही बंद पडलेली घराणी आज जिवंत असती, तर त्यांच्या गाड्या कशा दिसल्या असत्या? त्यातलं स्टट्झचं चित्र जेम्स ओडॉनेल या न्यूयॉर्कच्या बँकरच्या भांडवलावर खरं झालं. 1970 च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात ब्लॅकहॉक लोकांपुढे आली.

तिचा पाया होता पाँटियाक ग्राँ प्री. अमेरिकेत तयार झालेली पाँटियाक जहाजाने इटलीला जायची, तिथले कारागीर तिच्यावर हाताने घडवलेला नवा पत्रा चढवायचे, आत कातडी, लाकूड आणि सोन्याचा मुलामा द्यायचे, आणि गाडी पुन्हा समुद्र ओलांडून परत यायची. किंमत 22,500 डॉलरपासून पुढे. पहिल्या गिऱ्हाइकांत एल्विस प्रेस्ली होता. ब्लॅकहॉकवर त्याचा एवढा जीव होता की त्याने पुढे आणखीही घेतल्या.

ब्लॅकहॉकजवळ उभं राहिलं की कारागिरी थक्क करते. पण डोळ्याला विसावा मिळत नाही. पुढे सुट्या डोळ्यांसारखे बाहेर आलेले दिवे तिसाच्या दशकातले, उभी जाळी त्याच काळातली, बाजूने निघालेल्या धुराच्या नळ्या शर्यतीच्या गाड्यांच्या, आणि मागे डिकीच्या झाकणातून डोकावणारं जादा चाक. प्रत्येक आठवण एकाच वेळी आणि सारख्याच मोठ्या आवाजात बोलते. एक्स्नर यांची चित्रं कागदावर सुंदर होती, याबद्दल शंका नाही. गाडीत सगळ्या खुणा एकदम आल्या आणि कणा झाकला गेला. कल्पनेतल्या कूपेसाठी इथून एक बंधन घ्यावं: जुन्या काळाची ठळक खूण पुढे एक, मागे एक. तिसरी घ्यायचीच झाली, तर आधीच्या दोनपैकी एक काढावी.

मागे मग काय ठेवायचं? पंख पहिल्यांदा आठवतात. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जनरल मोटर्सच्या हार्ली अर्ल यांच्या डिझाइनरांनी लॉकहीडचं पी-38 हे दुहेरी शेपटीचं विमान पाहिलं, त्याच्या आठवणीतून 1948 च्या कॅडिलॅकला दोन छोटे उंचवटे आले, आणि पुढच्या अकरा वर्षांत ते वाढत वाढत 1959 च्या गाडीवर गोळीच्या आकाराचे लाल दिवे घेऊन आकाशाला भिडले. छायाचित्रात ते विलक्षण दिसतात. मार्क टूच्या शांत अंगावर मात्र ते बसणार नाहीत. तसंच डिकीवरच्या जादा चाकाच्या फुगवट्याचं. 1940 च्या पहिल्या कॉन्टिनेंटलला ते चाक खरोखर मागे बाहेर लटकायचं, मार्क टूत ते फुगवट्याखाली झाकलं गेलं आणि डिकीची जागा खाऊन बसलं, मार्क थ्रीत उरला तो नुसता फुगवटा. ही खूण इतक्यांदा वापरून झाली आहे की ती आता सोडलेलीच बरी.

निवड करायची तर ऑबर्न स्पीडस्टरच्या होडीसारख्या टोकाची करावी. 1971 च्या रिव्हिएराने तेच टोक नव्याने आणलं होतं. मधोमध कणा असलेली, दोन्हीकडे उतरत जाणारी तिची मागची काच पाहिली की 1963 च्या कॉर्व्हेट स्टिंग रेची आठवण होते. ब्यूकच्या त्या अवजड देहाला ते पेलवलं का, यावर अमेरिकेत अजून वाद होतात. लांब, बसक्या कूपेला ते जास्त शोभेल, फक्त रिव्हिएराच्या छताची धारदार कड आणि होडीचा उतार जिथे भेटतात तो सांधा अवघड आहे. 1966 ची ओल्ड्समोबिल टोरोनॅडो इथे मदतीला येते. तिच्या छताचा मागचा खांब कुठे संपतो आणि मडगार्ड कुठे सुरू होतो, हे सांगता येत नाही, पत्रा अखंड खाली वाहत येतो. तीही पुढच्या चाकांवर चालायची, कॉर्डनंतरची पहिली अमेरिकी गाडी तशी, आणि तिच्या चाकांच्या तबकड्यांवरच्या फटीसुद्धा कॉर्डची आठवण ठेवूनच काढलेल्या. पुन्हा तेच गोत्र.

कुशीसाठी फार शोधावं लागत नाही. 1961 ची लिंकन कॉन्टिनेंटल घडवताना एल्वूड एंगल यांनी मडगार्डाच्या वरच्या कडेने पुढून मागपर्यंत क्रोमची एकच बारीक रेघ ओढली होती. तेवढी एक रेघ पुरे.

आतली सजावट हा खरं तर स्वतंत्र लेखाचा विषय. 1957 च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोहॅममध्ये अत्तराची कुपी आणि लोहचुंबकाने जागी धरलेले धातूचे पेले होते. 1961 च्या थंडरबर्डचं स्टिअरिंग चढता-उतरताना बाजूला सरकायचं, तर स्टुडबेकरच्या अवांतीत काही बटणं विमानासारखी डोक्यावर, छताला. हे सगळं गमतीचं आहे, पण कूपेत घ्यावा तो कॉर्डचा डॅशबोर्ड: गोल गोल घासून चमकवलेला धातूचा पत्रा आणि त्यावर विमानात असतात तसे ओळीने बसवलेले काटे. आज पडद्यांचे डॅशबोर्ड दोन-तीन वर्षांत जुने दिसू लागतात. हा नव्वद वर्षांनंतरही ताजा आहे.

इंजिन निवडताना पुन्हा प्रमाण आडवं येतं. टोरोनॅडोत सात लिटरचा व्ही-8 आणि त्याच्या शेजारी गिअरबॉक्स, दोघांना जोडणारी रुंद साखळी, अशी रचना होती. त्यामुळे तळ पूर्ण सपाट मिळाला. विजेची गाडी करायची म्हटली तर तळही सपाट राहतो, पण बॅटरी आसनांखाली येते, माणसं वर सरकतात आणि 56 इंचांचं गणित कोलमडतं. मार्क टूने खोदून मिळवलेली जागा बॅटरी परत मागून घेते. म्हणून अशी गाडी घडवणारे बरेच कारागीर कॉर्व्हेटच्या चासीकडे वळतात. पुढे व्ही-8, गिअरबॉक्स मागच्या चाकांजवळ, वजन दोन्हीकडे वाटलेलं. चिप फूस यांनी ‘इम्पोस्टर’ या गाडीत 1965 च्या शेव्हरोले इम्पालाचा देह कापून-आखडून कॉर्व्हेटच्या चासीवर बसवला आणि 2015 मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनातला मानाचा रिडलर पुरस्कार मिळवला.

मग प्रश्न उरतो पत्र्याचा. बॅरिस बंधूंच्या काळात दोन गाड्यांचे पत्रे जोडल्यावर सांधा शिशाने भरायचे. पत्रा घासून लख्ख करायचा, त्याला कथिलाचा हात द्यायचा, मग ज्योत मागेपुढे हलवत शिशाची कांडी अर्धवट वितळवायची. जास्त तापली तर ओघळून जमिनीवर, कमी तापली तर पत्र्याला धरत नाही. त्या मधल्या मोजक्या क्षणांत मेण लावलेल्या लाकडी फळीने शिसं थापून आकार द्यायचा आणि थंड झाल्यावर कानशीने उतरवायचं. हिरोहाताच्या मर्क्युरीच्या अंगावर कुठे जोड दिसत नाही तो या हातांमुळे. आता पुट्टी आली आहे, संगणकावर आकार तपासता येतो. तरी पत्रा शेवटी लाकडी साच्यावर धरून, दोन चाकांच्या मशीनमध्ये पुढे-मागे ओढत हातानेच वळवला जातो, आणि कुठे थांबायचं ते तळहाताला कळावं लागतं.

एक वस्तू मात्र कुठल्याही गॅरेजात हाताने होत नाही: पुढची काच. दोन थरांमध्ये पातळ पापुद्रा घातलेली, दोन्ही अंगांनी वळलेली काच एका गाडीसाठी घडवून घ्यायची तर तिचा साचाच डोईजड होतो. म्हणून अनुभवी कारागीर आधी तयार मिळणाऱ्या काचा बघतात, त्यांतली चित्राच्या सगळ्यात जवळची निवडतात, आणि ती लाकडी चौकटीत उभी करून तिच्यावरून छताची पहिली रेघ ओढतात. मार्क टूचा कणा, कॉर्डचं नाक आणि ऑबर्नची शेपूट घेतलेल्या या कूपेचं कामही त्या काचेपासूनच सुरू करावं लागेल.